उद्योग आणि हवामान यांवरचा पत्त्यांचा खेळ : खेळाडूंचे अभिप्राय कसे घ्यावेत आणि कसे वाचावेत

उद्योग आणि हवामानबदल या विषयावर पत्त्यांचा लहानसा खेळ तयार करणाऱ्याला पहिला नमुना हातात आला की तो चार जणांपुढे मांडून 'कसा वाटला?' असे विचारण्याची घाई होते. या प्रश्नाला बहुधा 'छान आहे, विषय फार महत्त्वाचा आहे' असे उत्तर येते आणि खेळात नेमके काय बदलायला हवे, हे त्यातून मुळीच कळत नाही. विषय गंभीर असल्यामुळे खेळाडू एरवीपेक्षा अधिक सांभाळून बोलतात. खेळाला नावे ठेवली तर आपल्याला पर्यावरणाची कळकळ नाही असा अर्थ निघेल, अशी धास्ती अनेकांना वाटते. असा एक खेळ घडवताना आणि तो निरनिराळ्या मंडळींकडून खेळून घेताना जी पद्धत मला उपयोगी पडली, ती येथे क्रमाने मांडली आहे.

सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी एकच धारणा आहे. खेळ जगाविषयी काय म्हणतो, हे खेळाडूला पत्त्यांवर छापलेल्या वाक्यांपेक्षा त्या खेळात कोण आणि कशामुळे जिंकतो यावरून अधिक कळते. एलिझाबेथ मॅगी यांना १९०४ साली अमेरिकेत ज्या पटावरच्या खेळाचे पेटंट मिळाले, तो जमिनीच्या भाड्यातून मालक कसा गबर होतो आणि भाडेकरू कसा नागवला जातो हे दाखवण्यासाठी रचलेला होता. पुढे त्याच्यापासूनच निघालेला आणि जगभर खपलेला 'मोनॉपॉली' हा खेळ मात्र इतरांचे दिवाळे काढून सगळी मालमत्ता आपल्या हाती एकवटण्याचा आनंद देतो. तुमच्या खेळातही असेच होऊ शकते, आणि ते होत आहे की नाही हे सांगू शकणारे एकमेव लोक म्हणजे तुमचे खेळाडू होत.

उदाहरणांसाठी माझ्याच खेळाचा सांगाडा घेतो. मुख्य गड्डीत ३६ पत्ते आहेत : १८ कारखान्यांचे, १२ तंत्रज्ञानाचे आणि ६ आपत्तीचे. त्याखेरीज १२ धोरणपत्ते, ४ मदतपत्ते आणि २ कोरे पत्ते, असे एकूण ५४. चार खेळाडू प्रत्येकी ५ पत्ते घेऊन सुरुवात करतात. कारखाना मांडला की गुण मिळतात आणि मधल्या सामाईक ताटलीत काळे मणी पडतात. ती ताटली म्हणजे हवा. ताटलीत मणी जितके जास्त, तितका आपत्तीचा फटका मोठा.

१. बसण्यापूर्वी काय जवळ असावे

साधनांची यादी मोठी नाही, पण त्यातले एकही ऐनवेळी नसले तर अख्खी बैठक वाया जाते.

- नमुन्याची गड्डी. पत्त्यांचे प्रचलित माप ६३ × ८८ मिलिमीटर आहे. त्या मापाने ए-४ कागदावर ९ पत्ते बसतात, म्हणजे ५४ पत्त्यांना ६ कागद पुरतात. साधे कागद कापून जुन्या पत्त्यांसह प्लास्टिकच्या पाकिटात सरकवले की पिसायला सोपे जातात आणि बदल करायचा झाला तर केवळ कागद बदलावा लागतो.
- प्रत्येक पत्त्याच्या कोपऱ्यात आवृत्ती क्रमांक. हे अनिवार्य समजा. जुन्या आणि नव्या आवृत्तीचे पत्ते एका गड्डीत मिसळले तर त्या डावातून निघालेला कोणताही निष्कर्ष कुचकामी ठरतो.
- छापील नियमपत्रक, त्यावरही तोच आवृत्ती क्रमांक.
- नोंदवही आणि घड्याळ.
- प्रत्येक खेळाडूसाठी प्रश्नपत्रिका आणि पेन.
- संमतीपत्र. नोंदी कशासाठी वापरणार, छायाचित्रे घेणार का, नावे कोठे येतील का, हे त्यात दोन-चार ओळींत स्पष्ट लिहावे. खेळाडू अल्पवयीन असतील तर पालकांची लेखी परवानगी आधीच घ्यावी.

पत्त्यांवर गट ओळखण्यासाठी केवळ लाल आणि हिरवा रंग वापरू नका. हा फरक न दिसणारी माणसे, विशेषतः पुरुषांमध्ये, आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच आढळतात. रंगासोबत एखादे चिन्ह असेल तर हा अडथळा पहिल्याच दिवशी दूर होतो.

२. या बैठकीत काय तपासायचे, ते आधी लिहून काढा

एका बैठकीसाठी एक मुख्य प्रश्न पुरेसा आहे. 'खेळ आवडतो का' हा असा प्रश्न नव्हे. 'तिसऱ्या फेरीनंतर खेळाडू ताटलीकडे पाहून निर्णय घेतात का, की केवळ आपल्या गुणांकडे पाहतात?' हा प्रश्न चांगला, कारण त्याचे उत्तर तुम्हाला डोळ्यांनी दिसू शकते. प्रश्न लिहिल्यावर त्याखाली आपला अंदाजही लिहावा. अंदाज कागदावर असला की नंतर खेळाडूंचे बोलणे आपल्या सोयीने वाकवण्याचा मोह आवरतो.

३. खेळाडू कोण असावेत

घरच्या आणि मैत्रीतल्या मंडळींपासून सुरुवात करायला हरकत नाही, परंतु ती केवळ नियमांतल्या ढोबळ चुका काढण्यापुरती. त्यानंतर चार वेगवेगळ्या प्रकारची माणसे शोधावी लागतात. नेहमी पत्ते खेळणारे लोक पळवाटा शोधून काढतात. खेळांशी फारसा संबंध नसलेले लोक नियमपत्रकातली प्रत्येक संदिग्ध ओळ उघडी पाडतात. कारखाना, वीज, वाहतूक किंवा बांधकाम या क्षेत्रांत काम केलेली माणसे पत्त्यावरचे चित्रण वस्तुस्थितीला धरून आहे की नाही ते सांगतात. हवामानशास्त्र किंवा भूगोल शिकलेले वा शिकवणारे लोक आकड्यांवर बोट ठेवतात.

तिसऱ्या गटाकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे. ज्या माणसाने भट्टीवर काम केले आहे, त्याला कारखान्याचा पत्ता म्हणजे निव्वळ खलनायक वाटत नाही. तेथे रोजगार असतो, कौशल्य असते, आणि बदल करायचा म्हटले तर यंत्रे बदलावी लागतात. अशा माणसाला तुमचा खेळ उपदेशाचा वाटला, तर तो इतरही अनेकांना तसाच वाटणार आहे.

तज्ज्ञांची बैठक मात्र शक्यतो वेगळी घ्यावी. जाणकार माणूस टेबलावर असला की बाकीचे त्याच्या तोंडाकडे पाहून पत्ते टाकू लागतात.

४. डाव सुरू झाला की बोलणे बंद, लिहिणे सुरू

खेळ रचणाऱ्याने स्वतः भिडू म्हणून बसू नये. थोडे बाजूला, सर्वांचे हात दिसतील अशा जागी बसावे. कोणी नियम विचारला तर आधी तो प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहून घ्यावा, 'नियमपत्रकात पाहा' असे सांगावे आणि तेथेही उत्तर सापडले नाही तरच सांगावे. समजावून सांगण्याची ऊर्मी दाबणे हे या कामातले सर्वांत अवघड काम आहे. तुम्ही दिलेले प्रत्येक स्पष्टीकरण म्हणजे नियमपत्रकातली एक त्रुटी झाकणे होय.

नोंद करताना मत लिहू नका, कृती लिहा. 'खेळाडूला सिमेंटचा पत्ता आवडला नाही' ही नोंद निरुपयोगी आहे. 'फेरी ३ : डावीकडच्या खेळाडूने सिमेंटचा पत्ता दोनदा उचलून परत हातात ठेवला, ताटलीतले मणी मोजले, शेजारणीच्या मांडलेल्या पत्त्यांकडे पाहिले आणि शेवटी तंत्रज्ञानाचा पत्ता टाकला' ही नोंद सोन्यासारखी आहे, कारण तिच्यात विचार कसा झाला याचा माग आहे. प्रत्येक फेरीच्या शेवटी ताटलीतल्या मण्यांची संख्या आणि प्रत्येकाचे गुण टिपावेत; टेबलाचे वरून छायाचित्र घेतले तर मोजणी नंतरही करता येते आणि त्यात कोणाचा चेहरा येण्याची गरज नसते. लांबलेली शांतता, मोबाइलकडे गेलेले हात आणि मध्येच पिकलेला हशा, या तिन्हींची वेळ लिहून ठेवावी.

भिडू आपसांत बोलणी करू लागले तर ते शब्दशः लिहून घ्या. 'तू कोळशाचा पत्ता मागे घे, मी पुढच्या फेरीत पोलाद थांबवतो' असे वाक्य टेबलावर ऐकू आले, तर तुमच्या खेळात जीव आहे असे समजावे. मात्र असे वचन मोडले तर काय, याविषयी नियमपत्रकाने काहीतरी म्हटलेच पाहिजे. नाहीतर पुढचा वाद खेळाच्या विषयाबद्दल न राहता नियमांबद्दल होतो.

५. डाव संपल्यावर आधी लेखी, मग तोंडी

पत्ते गोळा करण्यापूर्वीच प्रश्नपत्रिका वाटाव्यात आणि सर्वांनी न बोलता लिहावे अशी विनंती करावी. चर्चा आधी झाली तर पहिल्या बोलणाऱ्याचे मत सगळ्यांचे होऊन बसते. माझ्या प्रश्नपत्रिकेत हे प्रश्न असतात :

- शेवटच्या फेरीत तुम्ही जो पत्ता टाकला, तो का टाकला?
- कोणत्या क्षणी पुढे काय करावे हे सुचेनासे झाले?
- कोणता पत्ता हाती आल्यावर बरे वाटले आणि कोणता नकोसा झाला?
- ताटलीतले मणी का वाढले किंवा का घटले, ते तुमच्या शब्दांत सांगा.
- पुन्हा खेळलात तर काय वेगळे कराल?
- हा खेळ न पाहिलेल्या व्यक्तीला तो कशाबद्दल आहे, हे एका वाक्यात कसे सांगाल?

शेवटचा प्रश्न कधीही गाळू नका. 'इतरांच्या आधी कारखाने उभारण्याबद्दल' असे उत्तर चारपैकी तिघांनी लिहिले, तर पत्त्यांवर हवामानबदलाविषयी कितीही मजकूर छापलेला असला तरी तुमचा खेळ प्रत्यक्षात तेवढेच सांगतो आहे.

'तुम्हाला विषय महत्त्वाचा वाटतो का?', 'काही शिकायला मिळाले का?' असे प्रश्न विचारू नयेत, कारण त्यांना 'नाही' म्हणणे शिष्टाचाराला धरून नसते. दहापैकी गुण द्यायला सांगण्याचाही फारसा उपयोग होत नाही. सात मिळाले म्हणून काय दुरुस्त करायचे, हे कोणाला सांगता येईल?

६. अभिप्रायांचे तीन ढीग करा

नोंदी आणि उत्तरे एकत्र करून प्रत्येक अभिप्राय वेगळ्या चिठ्ठीवर लिहावा आणि त्यांचे तीन ढीग करावेत : नियम कळला नाही, समतोल बिघडला आहे, आणि विषयाचे चित्रण पटले नाही. एकच वाक्य वेगवेगळ्या ढिगांत जाऊ शकते. 'सौरऊर्जेचा पत्ता बेकार आहे' असे म्हणणाऱ्याला त्या पत्त्याचा परिणाम कळलाच नसेल, किंवा तो खरोखर फार महाग असेल, किंवा वास्तवात सौरऊर्जा इतकी कुचकामी नाही असे त्याचे म्हणणे असेल. म्हणूनच 'बेकार म्हणजे काय झाले?' हा पुढचा प्रश्न त्याच बैठकीत विचारावा लागतो.

खेळाडू पुष्कळदा अडचण न सांगता थेट उपाय सांगतात : 'आपत्तीचे पत्ते निम्मे करा.' उपाय लिहून घ्या, आभार माना आणि त्यामागची अडचण शोधा. येथे थोडे गणित कामी येते. ३६ पत्त्यांत ६ आपत्ती असतील, तर ५ पत्त्यांच्या हातात एकही आपत्ती न येण्याची शक्यता सुमारे ३८ टक्के असते. पण चौघांना मिळून २० पत्ते वाटले जातात, आणि त्या वीसांत एकही आपत्ती नसण्याची शक्यता अर्ध्या टक्क्याहूनही कमी, हजारांत चारच्या आसपास आहे. म्हणजे 'प्रत्येक डावात सुरुवातीलाच कोणाच्या तरी हाती आपत्ती येते' ही तक्रार नशिबाची नसून रचनेची आहे. तिच्यावर उपाय म्हणून संख्या कमी करता येईल, किंवा आपत्तीचे पत्ते पहिल्या वाटणीनंतर गड्डीत मिसळता येतील. दुसरा उपाय मला अधिक योग्य वाटतो, कारण त्याने आपत्ती दुर्मीळ होत नाहीत, त्या फक्त उशिरा सुरू होतात.

७. 'हे अन्यायाचे आहे' या तक्रारीकडे सर्वांत जास्त वेळ द्या

या विषयावरच्या खेळात हे वाक्य ऐकू येणारच. त्याचे दोन अगदी भिन्न अर्थ असतात, आणि त्यांच्यात गल्लत झाली तर चांगला खेळ बिघडतो.

एक खेळाडू म्हणतो, 'मी सगळे कोळशाचे कारखाने बंद केले, तरी पुढच्या फेरीत पूर माझ्याच पत्त्यांवर आला.' त्याला विचारा, 'पूर का आला?' तो म्हणाला, 'कोण जाणे, पत्ता निघाला म्हणून,' तर दोष खेळाचा आहे. मण्यांचा आणि आपत्तीचा संबंध त्याला दिसलाच नाही, आणि तो दिसेल अशी मांडणी करायला हवी. पण तो म्हणाला, 'आधीचे मणी ताटलीत तसेच होते, आणि त्यातले बहुतेक माझे नव्हतेच,' तर त्याला कार्यकारणभाव नीट कळलेला आहे आणि त्याची चीड योग्य जागी आहे. हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा हिस्सा शतकानुशतके टिकतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे त्याचे सुमारे २८० रेणू होते, ते आता ४२० च्या वर गेले आहेत, आणि उत्सर्जन घटवल्याने आधी साठलेला वायू लगेच नाहीसा होत नाही. खेळाडूला बसलेला तो चटका हेच तुमच्या खेळाचे सत्य आहे. तो काढून टाकला तर खेळ गोड होईल आणि खोटा होईल.

विषम सुरुवातीबद्दलही असेच. काही रचनांत एका खेळाडूला आरंभीच तीन कारखाने असतात आणि दुसऱ्याला एकही नसतो, कारण देशादेशांत तसे घडले आहे. १९९२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक करारातही जबाबदारी सामाईक असली तरी ती सर्वांची सारखी नाही, हे तत्त्व स्पष्टपणे आलेले आहे. मागे असलेला खेळाडू कुरकुर करेल, आणि ती योग्यच आहे. मात्र त्याला जिंकण्याचा एकही मार्ग दिसत नसेल आणि तो तिसऱ्या फेरीपासून नुसता बसून असेल, तर ते विषयाचे सत्य म्हणून खपवू नका. त्याच्याकडे निदान बोलणी करण्याचे बळ तरी असले पाहिजे : धोरणपत्त्यावर त्याचे मत लागणे, किंवा त्याच्या संमतीशिवाय तंत्रज्ञान स्वस्त न होणे. खेळाडूचा राग चालतो, पण त्याला कंटाळा आला तर रचना बदलावी लागते.

८. शेवटच्या फेरीचा सापळा

हा सापळा इतका सर्रास आढळतो की त्यासाठी वेगळी पायरी केली आहे. खेळ ठरावीक फेऱ्यांनी संपत असेल, तर शेवटच्या फेरीत सगळे भिडू हातातले उरलेसुरले कोळशाचे पत्ते टाकून मोकळे होतात, कारण त्यापुढे भोगायला कोणतीच फेरी नसते. 'शेवटी मजा आली, सगळ्यांनी धुमाकूळ घातला' असा अभिप्राय आला तर खूश होऊ नका. तुमच्या खेळाने नेमके उलटे शिकवले आहे.

पहिला सुचणारा उपाय म्हणजे शेवटी ताटलीत उरलेल्या प्रत्येक मण्यामागे सर्वांचा एकेक गुण कापणे. तो पुरेसा नाही, आणि का नाही हे आकड्यांनी पाहण्यासारखे आहे. समजा, एक मणी पाडून मला ३ गुण मिळतात आणि त्या मण्यापायी चौघांचाही १ गुण जातो. माझ्या पदरी २ गुण उरतात, बाकी तिघांचा प्रत्येकी १ जातो, आणि चौघांचा हिशेब मिळून १ ने तोट्यात येतो. प्रत्येकाने शहाणपणाने स्वतःचा फायदा पाहिला तर प्रत्येकजण मणी पाडणारच. सामाईक साधनसंपत्तीचा हाच पेच गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडला होता. आणि माणसे आपसांत नियम, देखरेख आणि टप्प्याटप्प्याने वाढणारा दंड ठरवून त्यातून वाट काढू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या उदाहरणांतून दाखवले, ज्यासाठी त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

म्हणून दोन बदल करून पाहावेत, पण एकाच वेळी दोन्ही करू नयेत. एक, शेवट अनिश्चित ठेवणे : समाप्तीचा पत्ता गड्डीच्या तळच्या सहा पत्त्यांत पिसून ठेवला की कोणती फेरी शेवटची हे कोणालाच कळत नाही. दुसरा, धोरणपत्त्यांना दंड ठरवण्याचे अधिकार देणे, म्हणजे भिडूंच्या करारांना दात येतात. पहिल्या बदलाने धुमाकूळ थांबतो. दुसऱ्याने टेबलावरचे संभाषण बदलते. माझा कल दुसऱ्याकडे आहे, परंतु त्याने डाव लांबतो, हे खेळाडू तुम्हाला सांगतीलच.

९. शास्त्रीय हरकती कशा हाताळाव्यात

तिसऱ्या ढिगातल्या प्रत्येक चिठ्ठीची शहानिशा करावी लागते. खेळाडू चुकीचा असू शकतो, आणि तुमचा पत्ताही चुकीचा असू शकतो. यासाठी प्रत्येक पत्त्यावरचा आकडा कोठून घेतला, हे नोंदवहीत पत्त्याच्या नावापुढे लिहून ठेवण्याची सवय लावावी.

हरकती कशा असतात, हे सिमेंटच्या पत्त्यावरून दिसेल. सौरऊर्जेचा पत्ता कोणत्याही कारखान्याशी जोडला की त्याचे मणी शून्य होतात, असा साधा नियम करण्याचा मोह होतो. सिमेंटच्या व्यवसायातला माणूस लगेच म्हणतो की हे खरे नाही. त्याचे म्हणणे बरोबर असते : सिमेंटच्या भट्टीत चुनखडीचे विघटन होताना कार्बन डायऑक्साइड दगडातूनच बाहेर पडतो. १०० किलो शुद्ध चुनखडी पूर्ण भाजली तर ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघून जातो. इंधन कितीही स्वच्छ वापरले तरी हा भाग सुटत नाही. म्हणून सौरऊर्जेने सिमेंटच्या तीन मण्यांपैकी एकच मणी कमी व्हावा आणि उरलेल्या दोहोंसाठी वेगळे तंत्रज्ञान लागावे, हा बदल सूक्ष्म वाटला तरी खेळाडूला उद्योगाविषयी खरे काहीतरी सांगतो, आणि त्यासाठी नवा नियमही लागत नाही.

वृक्षारोपणाच्या पत्त्याविषयी जवळजवळ प्रत्येक गटात आक्षेप येतो. एक पत्ता टाकताच कोळशाच्या वीजकेंद्राइतके मणी ताटलीतून निघत असतील, तर भिडू कारखाने सोडून झाडांच्याच मागे लागतात. झाड कार्बन शोषते ते वाढता वाढता, वर्षानुवर्षे. तेव्हा दर फेरीला एक मणी, आणि तोही पत्ता मांडल्यानंतरच्या फेरीपासून, असे केल्यास समतोल आणि वास्तव दोन्ही जवळ येतात.

काही हरकती खऱ्या असूनही स्वीकारता येत नाहीत. मिथेन हवेत साधारण १२ वर्षे टिकतो, पण १०० वर्षांच्या हिशेबाने वजनास वजन धरले तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता वाढवतो. तेव्हा त्याच्यासाठी वेगळ्या रंगाचे मणी हवेत, ही सूचना शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु अर्ध्या तासाच्या खेळात दोन प्रकारचे मणी आणि ते काढण्याचे दोन नियम आले, तर नवखा खेळाडू पहिल्या फेरीतच गळून पडतो. अशा वेळी एकच कसोटी लावावी : या तपशिलामुळे खेळाडूचा एखादा निर्णय बदलेल का? बदलत असेल तर जागा करा. नसेल तर तो तपशील नियमपत्रकाच्या मागच्या बाजूला माहिती म्हणून द्यावा.

१०. एका वेळी एकच बदल

दोन बैठकींच्या मध्ये एकच मोठा बदल करावा, आवृत्ती क्रमांक वाढवावा आणि नोंदवहीत 'काय बदलले, कोणत्या अभिप्रायामुळे, काय घडेल असे वाटते' अशा तीन ओळी लिहाव्यात. टंकलेखनाच्या चुका, अक्षरांचा आकार असे किरकोळ बदल एकत्र केले तरी चालतात. एकाच खेळाडूने केलेली तक्रार लिहून ठेवावी, पण तिच्यावरून गड्डी बदलू नये. तीच अडचण दुसऱ्या गटात वेगळ्या शब्दांत आली की मग हात घालावा. नियम न कळल्याची तक्रार मात्र याला अपवाद आहे. ती एकाने केली तरी वाक्य सुधारावे.

दोन्ही कोरे पत्ते याच कामासाठी आहेत. बैठकीतच एखाद्या पत्त्याचे मूल्य पेन्सिलीने बदलून उरलेला डाव खेळून पाहता येतो, आणि खेळाडूंनाही आपले म्हणणे ऐकले गेल्याचे दिसते. मात्र त्या डावाचे गुण इतर डावांबरोबर धरू नयेत.

११. तुम्ही खोलीत नसताना खेळ चालतो का

नियम स्थिरावले की गड्डी आणि नियमपत्रक एखाद्या अनोळखी गटाला द्यावे आणि आपण तेथे जाऊ नये. त्यांनी पहिल्या डावाच्या मांडणीची आणि अंतिम गुणांची छायाचित्रे पाठवावीत, आणि जेथे वाद झाला तेथे नियमपत्रकाच्या समासात खूण करावी, एवढीच अपेक्षा ठेवावी. छायाचित्रातल्या मांडणीवरून कोणती ओळ चुकीची वाचली गेली ते बहुतेक वेळा लगेच ओळखू येते : आपत्तीचे पत्ते पालथे ठेवायचे असताना उताणे ठेवलेले असतात, किंवा ताटली मध्ये असण्याऐवजी प्रत्येकापुढे एकेक असते. ताटल्या चार दिसल्या तर थांबून विचार करा, कारण त्या गटाने हवा वाटून घेतली आहे आणि सामाईक असण्याचा तुमचा मूळ मुद्दाच नियमपत्रकातून पोहोचलेला नाही. अशा वेळी मांडणीचे चित्र नियमपत्रकाच्या पहिल्या पानावर आणावे.

१२. कधी थांबावे आणि कोणाला कळवावे

लागोपाठच्या दोन अनोळखी गटांकडून नियमांविषयी नवा प्रश्न आला नाही, जिंकण्याचे निदान दोन वेगळे मार्ग दिसले, आणि शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात हवा, ताटली किंवा सगळ्यांचे मिळून काहीतरी असा उल्लेख बहुतेकांकडून आपोआप आला, की चाचणी थांबवावी. त्यानंतरही सूचना येत राहतील. त्या पुढच्या आवृत्तीसाठी वहीत ठेवाव्यात.

छपाईपूर्वी प्रत्येक खेळाडूला त्याच्या अभिप्रायामुळे काय बदलले, हे दोन ओळींत कळवावे. जे स्वीकारले नाही त्याचे कारणही सांगावे. नियमपत्रकात नावे छापायची असतील तर प्रत्येकाला आधी विचारावे, आणि ज्यांनी नकार दिला त्यांच्या प्रश्नपत्रिकांवरची नावे काढून टाकून मगच त्या जपून ठेवाव्यात.